सेक्शनमध्ये दहाच माणसं का, आणि कुणाच्या हातात काय?

कराडची_कॅडेट

नमस्कार मंडळी. मी एनसीसीची सीनियर विंग कॅडेट, कॉलेजचं तिसरं वर्ष. ‘सी’ सर्टिफिकेटची परीक्षा तोंडावर आलीय आणि फील्डक्राफ्टच्या, म्हणजे मैदानात लपत-छपत लढायच्या, धड्यात अडकून पडलेय.

पुस्तकात लिहिलंय की इन्फंट्री सेक्शनमध्ये, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीत, दहा जण. त्यांचे दोन भाग, रायफल ग्रुप आणि एलएमजी (हलकी मशिनगन) ग्रुप. पाठ केलं, विषय संपला. पण माझा मावसभाऊ दिवसभर मोबाइलवर बंदुकांचे गेम खेळतो. तो म्हणतो अमेरिकन स्क्वाडमध्ये नऊच जण असतात, चार-चारच्या दोन सारख्या टीम आणि वर एक लीडर. मग आपल्याकडे कमांडर सोडला तर एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला तीन असं लंगडं वाटप का? पुस्तकात हेही आहे की रायफलवाल्यांनी एलएमजीची मॅगझिन (गोळ्यांच्या पेट्या) सुद्धा वाहायची. का? ज्याची गन, त्यानं ओझं वाहावं ना!

आणि एक. आम्ही .२२ रायफलवर फायरिंग करतो, पुस्तकात एसएलआर आणि इन्सास आहे, पेपरात सिग आणि एके-२०३ च्या बातम्या. आज खऱ्या सेक्शनमध्ये कुणाकडे काय असतं? एएनओ मॅडमना (कॉलेजच्या एनसीसी अधिकारी) विचारलं तर म्हणाल्या, “परीक्षेपुरतं कर.” परीक्षेपुरतं झालंय हो, समजलेलं नाहीये.

शस्त्रवेडा_पुणे

हत्यारांचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

स्वातंत्र्याच्या वेळी .३०३ बोल्ट-ॲक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर खटका हातानं ओढायचा) आणि ब्रेन गन, तेव्हाची हलकी मशिनगन. १९६२ नंतर ईशापूरची ७.६२ मिमी एसएलआर रायफल आली. त्याच ब्रेनला ७.६२ ची नळी बसवून एलएमजी म्हणून पुढे कित्येक वर्षं वापरलं. सेक्शन कमांडरकडे ९ मिमी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, असायची. १९९० च्या दशकात ५.५६ मिमी इन्सास आली, रायफल आणि एलएमजी दोन्ही एकाच कुटुंबातल्या.

आता नवीन. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला, ७.६२ × ५१ मिमी (गोळीची जाडी × काडतुसाच्या केसची लांबी). मार्च २०२० मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह एलएमजीचा, १६,४७९ नग, त्याही ७.६२ × ५१. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांवर एके-२०३ चा करार, ७.६२ × ३९, त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात. हातबॉम्ब म्हणाल तर पहिल्या महायुद्धातल्या डिझाइनचा ३६ नंबरचा ग्रेनेड जाऊन मल्टी-मोड ग्रेनेड येतोय. दहा लाखांची ऑर्डर होती आणि तो आपल्या नागपुरात बनतो. बाहेरची बाही काढली तर हल्ल्यासाठी, ठेवली तर बचावासाठी, कारण किरचा त्या बाहीतून उडतात.

थोडक्यात, इन्सास हा एक फसलेला अध्याय होता, आता आपण योग्य वाटेवर आहोत.

माजी_हवालदार_सातारा

बाळ, प्रश्न चांगला विचारलास. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. १९९४ ला भरती, २०१८ ला पेन्शन. त्यातली सहा वर्षं सेक्शन कमांडर होतो. आज कुठली पलटण कुठं आहे आणि कुणाला काय मिळालंय हे मी लिहिणार नाही, कुणी विचारूही नये. बाकी विचार.

वरच्या भावानं यादी दिली ती ठीक आहे. पण रायफलींची यादी वाचून सेक्शन कळत नाही. मी रिक्रूट असताना आमचे उस्ताद फळ्यावर आधी एलएमजीचं चित्र काढायचे आणि मग तिच्याभोवती एकेक माणूस बसवायचे. तसंच कर. आधी गन जमिनीवर ठेव.

गन ठेवली की तिला चालवणारा लागतो, तो एलएमजी नंबर एक. तो डोळा साइटवरून हलवणार नाही, म्हणून शेजारी पडून मॅगझिन देणारा, गोळी कुठं पडली ते सांगणारा आणि वेळ आली तर स्वतः गन हातात घेणारा नंबर दोन. या दोघांना कुठं बसायचं, कधी थांबायचं, कधी उठायचं हे सांगायला सेक्शनचा टूआयसी, म्हणजे दुसऱ्या नंबरचा कमांडर, नायक रँकचा. हे झाले तीन. हे तिघं समोरच्याचं डोकं खाली दाबून धरतात. डोकं खाली आहे तोवर उरलेली माणसं चालत, रांगत, पळत त्याच्यापर्यंत पोचतात आणि शत्रूच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, ग्रेनेड टाकतात. ही उरलेली म्हणजे रायफल ग्रुप. त्यात पुढं वाट बघत जाणारे दोन स्काउट, मागं रायफलमन आणि या सगळ्यांवर सेक्शन कमांडर, हवालदार. तू ज्याला लंगडं म्हणतेस ते लंगडं नाही. एका हातानं बोकड धरायचा आणि दुसऱ्या हातानं सुरी चालवायची, तर दोन्ही हातांना सारखंच काम कसं येईल?

आता दहाच का. फायरिंग सुरू झालं की कान बंद होतात. सिनेमात दाखवतात तसं कुणी वाक्यं बोलत नाही. माझा आवाज शेजारच्या दोघांना ऐकू जायचा, पलीकडचे माझ्या हाताकडं बघायचे, आणि दगडाच्या आड गेलेल्याला तेही दिसायचं नाही. अशा वेळी दहा माणसंसुद्धा एकट्याला आवरत नाहीत. म्हणून तर गनची जबाबदारी टूआयसीकडं. मला त्या बाजूला एकच माणूस बघायचा, माझा नायक. तो कुठं आहे हे कळलं म्हणजे गन कुठं आहे ते कळलं.

आणि दहा हे कागदावर हं. छुट्टीवर दोन, कोर्सला एक, लंगर किंवा संत्री ड्यूटीला एक. जमिनीवर मला पूर्ण दहाची नफरी, म्हणजे हजर माणसं, क्वचितच मिळाली. सात-आठवर काम चालायचं. पण कितीही कमी असले तरी एलएमजीचा नंबर दोन कधी कापायचा नाही. रायफलमन कमी कर, स्काउट एकावर आण, पण गन एकट्याच्या हातात द्यायची नाही. हा धडा मी दुसऱ्याच्या चुकीतून शिकलो. कोणाच्या ते सांगत नाही.

माझी स्वतःची चूक मात्र सांगतो, कारण तुझ्या परीक्षेला ती कामाची आहे.

मी नायक असताना बेळगावला ज्युनियर लीडर्सच्या कोर्सला होतो. पावसाळा. तिकडची लाल माती पावसात अशी होते की बुटाचं वजन दुप्पट. त्या दिवशी मला टूआयसी केलं होतं, म्हणजे गन माझी. समोर एक टेकाड, त्यावर ‘शत्रू’. मी एक छान बांध बघितला, आड चांगली, समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय, गन तिथं लावली. मनात म्हटलं, आज शाबासकी मिळणार. सेक्शन कमांडर रायफल ग्रुप घेऊन सुटला आणि जी झाकलेली वाट होती ती धरून सरळ पुढं गेला. सरळ म्हणजे माझ्या नळीच्या सरळ. दीडशे मीटरवर आमचीच सहा-सात डोकी माझ्या आणि टेकाडाच्या मधे. आता गोळी चालवू कुठं? नंबर एक माझ्या तोंडाकडं बघतोय, मी त्याच्या. ब्लँक फायरिंग होतं, नुसता आवाज, गोळी नाही, पण नियम तो नियम, गन बंद. गन बंद होताच टेकाडावरचे ‘शत्रू’ आरामात उठून उभे राहिले. अंपायरनं एकेकाच्या पाठीवर काठी टेकवत अर्धा रायफल ग्रुप मेला म्हणून चिखलात झोपवला.

उस्ताद हिंदीभाषक होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “बेटा, तेरी गन गूंगी हो गयी.” संध्याकाळी बॅरेकमध्ये माझ्या खाटेवर बसून त्यांनी आगपेटीतल्या दोन काड्या काढल्या. एक काडी म्हणजे गनची गोळी जाते ती रेघ. दुसरी म्हणजे हल्ला करणारे जातात ती रेघ. दोन्ही एकावर एक ठेवल्या. मग एक हळूहळू फिरवत काटकोनात आणली आणि म्हणाले, बघ, आता शेवटच्या पावलापर्यंत गन बोलतेय. मी शाळेत भूमितीत दोनदा नापास. काटकोन मला त्या दिवशी कळला.

म्हणून गन मागं ठेवायची नसते, बाजूला ठेवायची असते. जमिनीनं पूर्ण काटकोन दिला नाही तर जेवढा मिळेल तेवढा घ्यायचा. तुझ्या पुस्तकात सेक्शन फॉर्मेशनची चित्रं असतील, ॲरोहेड, डायमंड, एक्सटेंडेड लाइन. प्रत्येक चित्रात एलएमजी ग्रुप कुठल्या बाजूला काढलाय ते बघ. धोका जिकडून यायची शक्यता, त्या बाजूच्या अंगाला असतो, म्हणजे पोझिशन घेताना धावपळ कमी.

मॅगझिनचं उद्या लिहितो. लाइट जायची वेळ झाली.

वरणगावची_लेक

हवालदार काका, वाचताना अंगावर काटा आला. माझे बाबा वरणगावच्या आयुधनिर्माणीत होते, जळगाव जिल्ह्यात. तिथं गोळ्या बनतात. लहानपणी आम्हाला वाटायचं बाबा बंदुका बनवतात, आणि ते सांगायचे, “बंदुकीला कोण विचारतं, आत काय भरणार ते सांग.” घरी जेवताना काही सांडलं तर म्हणायचे, तिकडं असं सांडलं असतं तर अख्खी शिफ्ट मोजत बसली असती. तुमच्या मॅगझिनच्या गोष्टीची वाट बघतेय.

माजी_हवालदार_सातारा

ताई, बाबांना माझा रामराम सांगा. गोळी मोजायची सवय आमचीही गेलेली नाही. रेंजवर फायरिंग झालं की रिकामी केसं, म्हणजे काडतुसाची टरफलं, गोळा करून मोजून द्यायची. एक कमी पडलं तर सगळी कंपनी गवतात गुडघ्यावर. मी एकदा एका टरफलासाठी अख्खी दुपार घालवलीय. शेवटी ते माझ्याच बुटाच्या खाचेत सापडलं.

आता मॅगझिन. बाळ, हिशोब कर. इन्सास एलएमजीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. मिनिटाला साधारण ६५० च्या वेगानं ती चालते. ट्रिगर दाबून धरला तर मॅगझिन किती वेळात रिकामं? तीन सेकंदांच्या आत. म्हणून नंबर एकला दोन-तीन गोळ्यांचे तुकडे मारायला शिकवतात. बोट दाबायचं, सोडायचं, बघायचं, परत दाबायचं. तरीही एका हल्ल्यात ती गन अशी खाते की नंबर एक आणि नंबर दोननं मिळून वाहिलेलं सगळं बघता बघता संपतं. त्यांच्याच पाठीवर सगळं लादलं तर ते गनपाशी पोचेपर्यंत दमून आडवे होतील. म्हणून सगळ्यांच्या पाऊचमध्ये गनचा घास.

ही रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रेनची मॅगझिनंसुद्धा सेक्शनमधल्या सगळ्यांकडं वाटलेली असायची. त्या वेळच्या वेब इक्विपमेंटचे (सैनिकाच्या अंगावरचा कापडी पट्ट्यांचा साज) छातीवरचे दोन पाऊच मुळात ब्रेनचं मॅगझिन मावेल अशाच मापाचे शिवलेले होते. म्हणजे शिंप्यानंसुद्धा माप गनचंच घेतलं. इन्सासमध्ये सोय अशी की रायफलची आणि एलएमजीची गोळी एकच. एलएमजीचं ३० चं मॅगझिन रायफललाही बसतं. रायफलचं स्वतःचं २० चं. त्यामुळं अडीअडचणीला एकमेकांचं चालायचं.

आणि वजन. ५.५६ ची एक गोळी साधारण १२ ग्रॅम, ७.६२ × ५१ ची साधारण २४. म्हणजे २०० गोळ्यांचे एकीकडं अडीच किलोच्या आत, दुसरीकडं पाच किलोच्या आसपास. घरात बसून हे अडीच किलो साखरेच्या पुड्यासारखे वाटतात. रात्री आठ तास चढण चढायची असेल तर साहेब, प्रत्येक किलोला नाव ठेवावंसं वाटतं. म्हणूनच ५.५६ वर जायचं ठरलं होतं, तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. आता परत ७.६२ कडं चाललोत ते लांब मारण्यासाठी आणि लागल्यावर माणूस उठू नये म्हणून. दोन्हीला कारण आहे. फुकट काहीच मिळत नाही.

शस्त्रवेडा भाऊ, इन्सासला ‘फसलेला अध्याय’ म्हणालात, तेवढं पटलं नाही. मॅगझिनचं प्लॅस्टिक कडाक्याच्या थंडीत तडकायचं, कारगिलच्या वेळी त्याची बोंब झाली ती खोटी नव्हती. आम्ही कडेला चिकटपट्टी गुंडाळायचो. पण रायफल नेमकी होती. सिंगल शॉटला ३०० मीटरवर नवीन पोरगासुद्धा आकृती पाडायचा, खांद्याला धक्का एवढासा. आणि मॅगझिन आरपार दिसायचं, गोळ्या किती उरल्या ते बघायला काढावं लागायचं नाही. ही छोटी गोष्ट कुठल्या यादीत येत नाही. माझा पुतण्या आता सेवेत आहे, त्याच्या हातात ७.६२ ची नवी रायफल. तो म्हणतो, “तात्या, मारते भारी, पण खांदा आठवण ठेवतो.”

शस्त्रवेडा_पुणे

‘फसलेला’ शब्द मागे घेतो. पण एक शंका राहतेच. एके किंवा कुठलीही आधुनिक रायफल ऑटोवर चालते, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की सलग गोळ्या. दहाच्या दहा जणांकडे ऑटोमॅटिक असेल तर वेगळी एलएमजी हवीच कशाला? ब्रेन आली तेव्हा बाकीच्यांकडे बोल्ट-ॲक्शन होती, तेव्हा ठीक होतं. आज तो हिशोब जुना नाही का झाला?

माजी_हवालदार_सातारा

चांगली शंका आहे, पण ती रेंजवर जाऊन विचारा. रायफल ऑटोवर टाकली की पहिली गोळी तुम्ही म्हणाल तिथं, दुसरी त्याच्या वर, तिसरी देवाच्या घरी. इन्सासमध्ये तर पूर्ण ऑटो नव्हतंच, तीन गोळ्यांचा बर्स्ट होता, याच कारणानं. दुसरं, नळी. रायफलची नळी हलकी असते, पाच-सहा मॅगझिन सलग मारली की हात लावता येत नाही आणि गोळी भरकटायला लागते. एलएमजीची नळी जाड आणि लांब, खाली बायपॉड, दोन पायांचा टेकू, म्हणजे ती जमिनीला टेकून मारते. नेगेव्हमध्ये तर मॅगझिनऐवजी गोळ्यांचा पट्टा लागतो आणि तापलेली नळी चटकन बदलता येते. पट्ट्याचा त्रास वेगळा. झुडपात अडकतो, चिखल धरतो, त्यामुळं नंबर दोनचं काम कमी झालं नाही, बदललं एवढंच.

एकेचं म्हणाल तर काश्मीर खोऱ्यात, मक्याच्या शेतात, घराच्या आत तिच्यासारखी सोबत नाही. आरआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रायफल्समध्ये, मी तीच वापरली. तिथं सेक्शनही पुस्तकातल्यासारखं चालत नाही. बडीची जोडी, म्हणजे दोन-दोन जण एकमेकांचे. काही जोड्या सर्चला, काही जोड्या बाहेर स्टॉपवर आणि एलएमजी जिथून पळवाट दिसते तिथं. तिथंसुद्धा आम्ही आधी गनची जागा ठरवायचो, मग बाकी.

सेक्शनच्या वरचं थोडक्यात सांगतो, परीक्षेत येतं. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, चार रायफल कंपन्या आणि वर सपोर्ट कंपनी वगैरे मिळून पलटण. रणगाडा किंवा बंकर फोडायला ८४ मिमीचा कार्ल गुस्ताफ रॉकेट लाँचर आणि छोटा मॉर्टर ही प्लाटूनची हत्यारं, सेक्शनला गरजेप्रमाणं मिळतात. जुना लाँचर १४ किलोचा, पुढचा दहाचा, सगळ्यात नवा सातच्या आत. जुना ज्यानं उचललाय तो नव्याला हातात घेऊन हसतो. मोठा मॉर्टर, मिसाइल हे सपोर्ट कंपनीचं. मीडियम मशिनगन सेक्शनची नाही, हे मुलं हमखास चुकवतात. तिचा मान केवढा होता ते महार रेजिमेंटकडं बघ. ती १९४६ मध्ये मशिनगन रेजिमेंटच झाली होती, आणि त्यांच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स गन आडव्या-तिडव्या होत्या.

सॅन_दिएगोकर

धागा आवडला, म्हणून इकडची भर घालतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा माणूस पूर्वी मरीन कोअरमध्ये स्क्वाड लीडर होता. जेवताना त्याला तुमचा प्रश्न विचारला. त्यानं पाठीमागच्या टेबलांवरच्या सॉसच्या बाटल्यासुद्धा गोळा करून आणल्या.

कॅडेट ताई, तुमचा मावसभाऊ म्हणतो ते नऊ अमेरिकन आर्मीचे. मरीनच्या स्क्वाडमध्ये वर्षानुवर्षं तेरा. चार-चारच्या तीन फायर टीम आणि एक लीडर. त्यानं बाटल्यांचे तीन गट मांडले आणि म्हणाला, कुठलाही एक अडकला की दुसरा फायर देतो आणि तिसरा फिरून जातो. गट सारखे असल्यामुळे कुणी काय करायचं हे आधी ठरवून ठेवावं लागत नाही. प्रत्येक टीममध्ये एक ऑटोमॅटिक रायफलवाला असतोच. ब्रिटिशांचं सेक्शन आठचं, चार-चारच्या दोन टीम.

मी त्याला हवालदार काकांची ‘गूंगी गन’ची गोष्ट भाषांतर करून सांगितली. तो खूप हसला, मग म्हणाला, “तेरांपैकी मी फक्त तिघांशी बोलायचो. तीन टीम लीडर. बाकीचे नऊ त्यांचे.” काका म्हणतात तेच की हे.

माजी_हवालदार_सातारा

बरोबर बोलला तो. त्याला सांगा, साताऱ्यात आला तर सॉसऐवजी ठेचा मांडू. त्यांची पद्धत चांगली आहे, फक्त तिला जास्त गन, जास्त रेडिओ आणि जास्त टीम लीडर लागतात. एकच गन असेल तर ती सगळ्यांत चांगल्या जागी लावणं भाग पडतं.

कराडची_कॅडेट

काका, काटकोन डोक्यात बसला तो आता जाणार नाही. पण सेक्शन कमांडर स्वतः काय धरतो? शेजारच्या मुलानं लिहिलं होतं, “कमांडर फक्त आदेश देतो, म्हणून त्याला छोटं हत्यार.” मला ते विचित्र वाटलं.

माजी_हवालदार_सातारा

छोटं हत्यार एवढ्यासाठी की त्याचा एक हात मोकळा राहावा. इशारा करायचा, दुर्बीण धरायची, नकाशा बघायचा. पूर्वी टॉमीगन, मग स्टेन, मग ९ मिमी कार्बाइन. माझ्या काळात रायफलच, सगळ्यांसारखी. समोरच्याला कमांडर वेगळा ओळखू न आलेलाच बरा.

‘फक्त आदेश देतो’ म्हणणाऱ्या पोराला रायगड जिल्ह्यात माणगावला पाठव. तिथं नायक यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. पळसगावचे, पाचव्या मराठ्याच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४, इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्या वेळी सेक्शन कमांडर नायक असायचा, घाडगे एका रायफल सेक्शनचे कमांडर. हल्ला सुरू असताना अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सगळं सेक्शन पडलं, काही ठार, काही जखमी. उभे उरले एकटे घाडगे. आता विचार कर, तुझ्या पुस्तकातल्या चित्रातलं काय राहिलं? गन ग्रुप नाही, रायफल ग्रुप नाही, काटकोन नाही. ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, गन आणि चालवणारा गप्प झाले. एकाला गोळी घातली. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तर नळी हातात धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. नंतर स्नायपरच्या गोळ्या लागून तिथंच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

आम्हाला ही गोष्ट रिक्रूट असताना सांगितली जायची ती शौर्यासाठी. मी सेक्शन कमांडर झाल्यावर मला तीच गोष्ट वेगळी ऐकू यायला लागली. मी माझ्या पोरांकडं बघायचो आणि मोजायचो.

कराडची_कॅडेट

काका, शब्द नाहीत. सुट्टीत माणगावला नक्की जाऊन येईन.

शेवटचा त्रास. प्रॅक्टिकलला मला सेक्शनची नावानिशी वाटणी करून दाखवायचीय, मी कमांडर. अशी केलीय: स्काउट नंबर एक आणि दोन, रायफलमन चार, टूआयसी, एलएमजी नंबर एक, एलएमजी नंबर दोन. रायफलमन चौघींकडे स्वतःच्या मॅगझिनशिवाय एलएमजीची दोन-दोन. गन उजव्या अंगाला, काटकोनात. तीनदा मोजलं, नऊच भरतायत. कुणाला विसरले?

माजी_हवालदार_सातारा

वाटणी झकास आहे. पण मॅगझिन फक्त चौघींनाच का? स्काउटना मोकळं ठेव, त्यांना पळायचंय, आणि दोन मॅगझिन कमांडरच्या पाऊचमध्ये टाक. तो दहावा नग तिथंच उभा आहे, हातात यादी घेऊन मोजतोय.